परात, परड आणि घन

आधी बाईंचं नाव घेतो आणि मग काय झालं ते सांगतो. नाव म्हणजे "बाई" एवढंच. खरं नाव लिहू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी पोळी लाटता लाटता लाटणंच माझ्यावर रोखलं. "माहं नाव कागदावर टाकशील त याद राख. आधीच या लाखनीत मले ओळखणारे जास्त आन समजणारे कमी."

म्हणून बाई. लाखनीत कोणालाही विचारा, "ते छत्रीवाली बाई" म्हटलं की लोक हसतात आणि मग घर दाखवतात. ते हसणं मला सहन होत नाही. लिहायला बसलो तो त्या हसण्यापायीच. शाळा मी आठवीत सोडली, तेव्हा लिहिण्याचा सराव नाही. पण राग आहे आणि उपकार आहेत. दोन्ही पोटात ठेवून झोप लागत नाही.

मी जतकडचा. काचा बसवणाऱ्या टोळीत होतो. हायवेला लागून एक लग्नाचं लॉन आहे, त्याच्या मालकांनी कुठल्याशा नातेवाइकाकडे पॅडेलचं कोर्ट पाहिलं आणि आपल्याही लॉनवर बांधायला घेतलं. पॅडेल म्हणजे टेनिसच, पण पिंजऱ्यातलं. दोघांविरुद्ध दोघं, मागे काच, बाजूला काच आणि जाळी. चेंडू एक टप्पा पडून काचेवर आपटला तरी मेला नाही, परत मारता येतो. आमच्या मिस्त्रीनं मालकांना हात जोडून सांगितलं की कोर्ट उत्तर-दक्षिण घ्या, नाहीतर संध्याकाळी एका बाजूच्या डोळ्यात ऊन जाईल. मालकांच्या वास्तुवाल्यानं सांगितलं, पूर्व-पश्चिम. वास्तुवाला जिंकला.

शेवटची काच बसली आणि मला मलेरिया झाला. टोळी रायपूरच्या कामावर निघून गेली. "बरा झाला की ये मागनं," म्हणाले. लॉनच्या भांड्यांच्या खोलीत, कढयांच्या मधे मी पडून होतो. बाई त्या दिवशी मालकांशी भांडायला आल्या होत्या, लग्नाच्या डीजेवरून. भांडण रंगात आलेलं असताना त्यांना आतून कण्हणं ऐकू आलं.

"हा कोणाचा पोट्टा हाये?"

"पुण्याचा हाये, बाई. काचवाला," कोणीतरी म्हणालं. इकडे नागपूरच्या पलीकडचं सगळं पुणंच.

"पुण्याचा असो का कुठचा, माणसाचाच हाये ना! कढयाईत ठेवला त्याले!"

डीजे राहिला बाजूला. ऑटोत घालून मला त्यांनी घरी नेलं. ऑटोला छप्पर होतं, तरी माझ्या डोक्यावर छत्री धरली होती. मला शुद्ध असती तर मीही हसलो असतो कदाचित. म्हणून लोकांना फार बोलत नाही.

बरा झालो तेव्हा मालकांनी कोर्टावरच ठेवून घेतलं. काचा पुसायच्या, हिरव्या गालिच्यावर वाळू पसरायची, येणाऱ्यांना बॅटी द्यायच्या. राहायला बाईंच्या घरची मागची खोली. गावाकडे आई, आणि शिकणारी बहीण. त्यांचं माझ्यावर चाललेलं. त्यामुळे मालकांचा फोन वाजला की अजूनही मी हातातलं काम टाकून उभा राहतो. काढलं तर जाऊ कुठं?

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. कोर्टावर पहिल्यांदा आल्या तेव्हा छत्री बगलेत धरून जाळीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. आत चार पोरं जिवाच्या आकांतानं चेंडू बडवत होती. "हे खेळून राहिले का कपडे धुऊन राहिले?" त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेसवर कोणा शिपायाचा जुना खाकी स्वेटर चढवून स्वतःच हजर. जोडीला मी. मला खेळता येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही.

बाईंबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मं त्यांच्या जेवणाच्या पद्धतीवरून आहे. इकडे आग्रह म्हणजे धर्म. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना चार पाटवड्या पडल्या नाहीत तर घरची इज्जत गेली. बाईंच्या घरी आग्रह नाही. पातेली मधोमध ठेवायची आणि ज्याचं त्यानं घ्यायचं. बाहेर कुठं जेवायला गेल्या की ताटावर हात आडवा. वाढणारी बाई म्हणणार, "घ्या ना वो बाई, एक घ्या," आणि या म्हणणार, "पोट माहं, अंदाज माहा. तुमी कायले तकलीफ घेता?" म्हणून लोक म्हणतात, छत्रीवालीकडे गेलेला पाहुणा उपाशी उठतो. मी त्यांच्या घरी वर्षानुवर्षं जेवतोय. आमच्या टोळीतल्या कोणाला विचारा मी तेव्हा कसा होतो आणि आता कसा आहे. उपाशी म्हणे!

हायवेच्या कडेला उभं राहून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकवाल्यांना त्या शिव्या देतात, हेही खरं. पण रोजचे ट्रकवाले त्यांना हात करतात, हे कोणी सांगत नाही.

आता मूळ गोष्ट. पॅडेलमधे डोक्यावरून येणाऱ्या चेंडूचं काय करायचं, यावर सगळा खेळ उभा आहे. तुम्ही मधल्या जाळीपाशी असता, समोरचा उंच चेंडू टाकतो. आता? बघणाऱ्याला वाटतं, वर आला की हाणावा. बाईंनी या फटक्यांची इंग्रजी-स्पॅनिश नावं फोनवर एकदा ऐकली आणि टाकून दिली. त्यांची नावं वेगळी. जोरात खाली ठोकतो तो घन. कानाच्या उंचीवर, पुसल्यासारखा कापून कोपऱ्यात ठेवतो ती परात. आणि तसाच, पण बाजूनं डंख मारल्यासारखा, काचेवरून भलतीकडे वळतो तो परड. परड म्हणजे इकडे घोणस.

परात त्यांनी मला कशी शिकवली ते सांगतो. लॉनवर लग्न होतं. केटररची पोरं जिलबीच्या पराती खांद्यावर घेऊन गर्दीतून चालली होती. बाईंनी माझं मनगट धरून मला मांडवाच्या तोंडाशी उभं केलं. "त्याचा हात पाह्य. कोपर पाह्य. धावून राहिला, पण परात हालते का? तसा चेंडू न्यायचा. फेकायचा नाई, न्यायचा." वराकडची मंडळी आमच्याकडे टकामका बघत होती. मग घरी तांदळाची परात खांद्यावर घेऊन अंगणात मागे मागे चालायला लावलं. सांडलेले तांदूळ मीच वेचायचे.

आणि कुठला फटका कधी, हे विचारलं की एकच उत्तर. "चेंडूले विचारू नोको. तुह्या पायाले विचार. पाय पुढं जाऊन राहिले त मार घन. मागं जाऊन राहिले त परात. मागं जाता जाता जो घन मारते, तो समोरच्याले ताट वाढते." कारण लांबून मारलेला घन टप्पा घेतो, मागच्या काचेवर आपटतो आणि उसळून समोरच्याच्या पोटाशी येतो, घे म्हणत. "आन डोळ्यात ऊन असन त वर पाहूच नोको. जाऊ दे डोक्यावरून. काच हाये ना मागं, ते आणून देते."

यावर गावातल्या शहाण्यांचं म्हणणं काय, तर बाईंचा हातच वर जात नाही, म्हणून घनाला नावं ठेवतात. हात जात नाही हे खरं आहे. तरुणपणी त्या व्हॉलीबॉल खेळायच्या. मारणाऱ्या त्याच. बाहेरून सगळे ओरडायचे, मार मार, आणि या मारत राहिल्या, खांदा निकामी होईतो. आजही वेणी घालताना हात वर नेत नाहीत, मान खाली आणतात. एकदा एका पोरानं तोंडावरच म्हटलं, "बाई, तुमचा हात जात नाई म्हणून तुमी असं शिकवता."

"हाव," बाई म्हणाल्या. "नाई जात. म्हणून त समजलं. तुले समजाले खांदा मोडा लागन का?"

मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि जावई आले नागपूरचे. दिवाळसणाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, जावयाचा थाट काय वर्णावा. आणि जावयांना पॅडेलचा नाद. नवे बूट, बॅटीला वेगळी पिशवी. मी काच पुसत होतो आणि माझ्यासमोर, म्हणजे मी तिथे नाहीच असं समजून, ते सासऱ्यांना म्हणाले, "दिवाळीनंतर कोर्टाचं मीच बघतो, बाबा. सर्टिफिकेटवाला कोच आणू. हे असं कामगारावर नाही चालत." मालक म्हणाले, "तुमी म्हणान तसं."

पुसलेलीच काच मी पुन्हा पुसायला लागलो. बहिणीचं बारावीचं वर्ष. आईला काय सांगू?

संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं. "उद्या पाहुण्याईसमोर जावईबापूची मॅच ठेवली हाये. ते आन माहा पोट्टा एकीकडं. तू आन बाई दुसरीकडं. समजते ना, पुणेकर? पहिला सण हाये त्याईचा. वरवर चेंडू द्या त्याईले. मस्त मारू द्या. व्हिडिओ काढून राहिले सगळे."

म्हणजे जिंकलो तर मालकांच्या रागानं गेलो, आणि हरलो तर सर्टिफिकेटवाला येणार, तरी गेलो. घरी येऊन बाईंना सांगितलं. माझा आवाज रडवेला झाला असणार. बाई कांदा चिरत होत्या.

"वरवर चेंडू द्या म्हणते?"

"हो."

"मंग देऊ ना. पोटभर देऊ."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर लॉनच्या लाल खुर्च्यांवर पाहुणे बसले. हायवेपलीकडच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान कापून पडलं होतं, त्याचा वास येत होता. बाई खाकी स्वेटरात. छत्री जाळीला अडकवलेली. पाहुण्यांत खसखस पिकली. मालकांनीच माईकवर सांगितलं, "आपल्या बाई, हौशी हायेत." माझ्या कानशिलांवर रक्त चढलं.

पहिलाच उंच चेंडू बाईंनी आखूड टाकला. जावयांनी घन मारला. चेंडू टप्पा घेऊन आमच्या काचेवरून उडून बाहेर, गुण त्यांचा. टाळ्याच टाळ्या. "वा!" बाई म्हणाल्या. "घ्या जावईबापू, अजून एक."

दुसरा जरा खोल गेला. जावई मागे मागे धावत गेले आणि तिथून मारला. धाडकन आवाज झाला, चेंडू आमच्या काचेवर आपटला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी तो दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला. गुण आमचा. आणि खरं सांगतो, टाळ्या जावयांना पडल्या. आवाज मोठा झाला होता ना! पाहुण्यांना वाटलं काहीतरी भारी झालं.

"घ्या ना, बाप्पा, लाजू नोका," बाई म्हणाल्या.

मग काय, वाढतच गेल्या. उंच, खोल, आणखी खोल. "एवढा एक घ्याच." "माह्या हातचा घ्या." "सणाचं नाई म्हणू नये." जावयांनी एकही सोडला नाही. परात नाही, परड नाही, डोक्यावरून जाऊ देणं नाही. जो आला तो घन. आवाजाला टाळ्या त्यांच्या आणि गुण आमचे, असा मोठा मजेशीर प्रकार बराच वेळ चालला. बाजू बदलून ऊन त्यांच्या डोळ्यात आलं तेव्हाही ते वरच बघत राहिले. एक चेंडू तर सरळ टोपीवर पडला. त्यांची बायको, म्हणजे मालकांची लेक, शाळेत बाईंचीच विद्यार्थिनी. ती पदर तोंडात धरून खाली बघायला लागली. ऊन आमच्या बाजूला आलं तेव्हा बाईंनी मान वर केलीच नाही. चेंडू डोक्यावरून जाऊ द्यायचा, काचेनं दिला की तिथून पुन्हा उंच वाढायचा.

"हे काय खेळणं हाये?" मागून कोणीतरी म्हणालं. "मारतच नाईत!"

शेवटच्या गुणाला जावयांनी पहिल्यांदाच उंच चेंडू टाकला, माझ्याकडे. मी मधल्या जाळीपाशी. खुर्च्या ओरडायला लागल्या, "मार! पुणेकर, मार!" आणि मला मारायचाच होता. "कामगारावर नाही चालत" कानात होतं. माईकवरचं "हौशी" कानात होतं. हात वर गेला.

मागून बाईंचा आवाज आला, हळूच. "पाय कुठी हायेत?"

पाय मागे जात होते.

हात कानापर्यंत खाली आणला. चेंडू नेला आणि कोपऱ्यात ठेवला. तो काचेच्या बुडाशी गेला आणि तिथंच निजला. जावयांनी झेप घेतली, बॅट काचेवर आपटली. संपलं. एकही टाळी वाजली नाही. आवाजच झाला नव्हता ना.

मालक तरातरा आत आले. "बाई, शोभते का तुमाले? घरच्या जावयाचा अपमान केला!"

"मी?" बाई म्हणाल्या. "मी त एकबी चेंडू मारला नाई. जे मारले ते त्याईनंच मारले. मी फक्त वाढत गेली. दिवाळसणाले आग्रह नाई करायचा त मंग कवा करायचा?"

यावर हसणारे हसले, आणि तेच मालकांना झोंबलं. बाईंनी उद्यापासून लॉनमधे पाऊल ठेवायचं नाही, असं तिथल्या तिथे फर्मान निघालं. जावयांनी या कोर्टाचं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा सर्टिफिकेटवाला बारगळला. लेक म्हणाली, "बाबा, पुणेकरालेबी काढान त काचा कोण पुसन?" म्हणून मी राहिलो. चूक कोणाची, सांगा. वर ऊन, खाली वास्तू, मधे जावई. आणि हाकललं कोणाला? तर जिनं सांगितलेलं काम मन लावून केलं तिला. जो तो गावभर हसत सांगतो, छत्रीवाल्या बाईनं जावयाला रडवलं. त्या दिवशी कोर्टावर खेळत कोण होतं आणि बडवत कोण होतं, हे एकालाही सांगता येत नाही.

मी घरी आलो आणि पिशवी भरायला लागलो. "तोंडावर सांगून येतो त्यांना! ठेवा म्हणावं तुमच्या काचा!"

बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सांगजो. मंग?"

"मग जाईन."

"कुठी?"

मी पिशवीत शर्ट कोंबत राहिलो.

"मागं जाऊन राहिला तू. इतकं तांदूळ वेचूनबी समजलं नाई का? जागा धर. बस जेवाले."

बसलो. पातेली नेहमीसारखी मधोमध. एका पोळीवरच मी हात आवरता घेतला. आणि बाईंनी, ज्या बाईंनी आजवर कोणाच्या ताटात काही घातलं नाही त्यांनी, तव्यावरची पोळी उचलून माझ्या ताटात टाकली. "घे. एक खा अजून." मग स्वतःवरच चिडल्यासारखं तोंड फिरवून गॅसची ज्योत बारीक करत बसल्या.

ती पोळी मी खाल्ली. नोकरी धरली.

आता सकाळी कोर्टावर बायकांची तुकडी येते, शाळेची पोरं येतात, आणि त्यांना मी शिकवतो. बाई आत येत नाहीत. लॉनच्या कुंपणापलीकडे, हायवेच्या कडेला, छत्री उघडून उभ्या राहतात. मालकांनी एकदा तिथूनही हाकलायचा प्रयत्न केला. "हायवे तुह्या बापाचा हाये का?" एवढंच बोलल्या. ट्रक हॉर्न देत जातात, त्या ट्रकला शिव्या देतात आणि मधेच आमच्यावर ओरडतात, "अवं, परात! परड नाई, परात! पाय पाह्य तुये!" आतल्या बायका पायांकडे बघतात. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. ही जाळी मीच ताणून बसवली आहे, म्हणून तिच्यावर मला जास्तच राग येतो.

बाई, तुम्ही हे वाचाल आणि लाटणं शोधाल, ठाऊक आहे. नाव टाकलेलं नाही. पण ऐका. काचा बसवायची विद्या माझ्या हातात आहे. एक दिवस मी कोर्ट बांधणार. उत्तर-दक्षिण. कुठलाही वास्तुवाला येऊ दे. ऊन कोणाच्याच डोळ्यात जाणार नाही, छत्री आत आणायला बंदी नसेल, आणि पहिला चेंडू तुमचा. त्या दिवशी मी तुम्हाला आग्रह करणार आहे. ताटावर हात धरू नका.